काढलेला उजेड

आमच्या परळच्या चाळीत कुणाच्या लग्नाचा अल्बम, नवा असो की जुना, बाहेर निघाला की घरची माणसं तो आधी सुलूकाकीपासून लपवायची. काकी अल्बम मांडीवर घ्यायची, कमरेच्या पिशवीतून काळ्या टिकल्यांचं पाकीट काढायची आणि नवरा-नवरीच्या तोंडावर एकेक टिकली चिकटवून मोकळी व्हायची. माझ्या लग्नाच्या फोटोंत मी शालू नेसून, हार घालून, बिनचेहऱ्याची उभी आहे.

"काकी, अगं काय हे!"

"गप गो मीनू. तुका रोजच बघतंय. मधला झाकला की बाजूचा दिसता."

हे खूळ तिने नोकरीवरून आणलं होतं. गिरण्यांचा संप चिघळला तेव्हा काकी फोर्टातल्या एका संशोधन संस्थेत झाडलोट आणि चहापाण्याच्या कामाला लागली. पुढे बऱ्याच वर्षांनी तिथे एक तरुण मॅडम आली. अंतराळात फिरणाऱ्या दुर्बिणीने काढलेली दीर्घिकांची चित्रं घेऊन ती दिवसभर बसायची. चहा ठेवता ठेवता काकीने विचारलं, ह्यात बघताय काय? मॅडमने समजावलं, की काही दीर्घिकांच्या पोटात इतका प्रखर उजेड असतो की भोवतीचे तारे त्यात बुडून जातात. चित्रातून तो मधला उजेड वजा केला, की मग अंधुक दीर्घिका वर येते.

काकीला हे भलतंच पटलं. चाळ कमिटीच्या मिटिंगीत अध्यक्ष बोलायला उठले की ती त्यांच्या तोंडाच्या रेषेत तळहात धरून मागच्या रांगा न्याहाळायची.

"सुलोचनाबाई, काही हरकत आहे का?"

"हरकत नाय. तुम्ही बोला. मी मागचे बघतंय."

नवऱ्याबद्दल मात्र ती कधी बोलायची नाही. गजाकाका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. संपाच्या दुसऱ्या वर्षी "भिवंडीला काम बघून येतो" म्हणून गेला, तो आलाच नाही. कुणी म्हणालं सुरतेला दिसला, कुणी म्हणालं तो दुसराच कुणीतरी होता. काकी दोनदा भिवंडीला जाऊन आली. मग तिने जाणं सोडलं. कुंकू सोडलं नाही.

एकदा ती माझ्या थोरल्या बहिणीचा अल्बम घेऊन बसली. संपाच्या आधीचं लग्न ते. टिकली लावली आणि तिचा हात थांबला. पंगतीच्या मागे, अर्धा खांबाआड, डाळीची बादली घेतलेला गजाकाका.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकीच्या घरात त्याचा एकही फोटो नव्हता. फोटोग्राफर आला की हा माणूस कायम वाढण्यात नाहीतर उचलण्यात गुंतलेला. सगळ्या चाळीच्या अल्बमांत ती त्यालाच शोधत होती.

"ह्यो माका देशीत गो?" तिने विचारलं. मी तो फोटो मोठा करून आणला. फारच धुरकट आला, पण काकीने फ्रेम केला.

एका रविवारी तिने मॅडमला जेवायला बोलावलं. बांगड्याचं तिखलं केलं. वाढायला मी होतेच. मॅडमने भेट म्हणून एक चित्र आणलं होतं, मधला उजेड काढलेली दीर्घिका. दोन्ही बाजूंना नाजूक, वळलेले हात. मी म्हटलं, "किती सुंदर!"

काकीने चित्र हातात घेतलं. मग म्हणाली, "आणि जो उजेड काढलात, तो ठेवलात खंय?"

मॅडम हसली. "ठेवायचा कशाला, काकी? त्याचाच तर त्रास होतो."

"माका तोच व्हयो," ती म्हणाली.

मॅडमने भिंतीवरच्या फ्रेममधल्या धुरकट गजाकाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. मॅडमने आणखी भात मागून घेतला.

त्याच आठवड्यात तिने काकीच्या हाती दुसरं चित्र दिलं, दुर्बिणीतून आलं तसं, काहीही वजा न केलेलं. काळ्या कागदावर नुसता पांढरा, झगझगीत गोळा.

"काकी, ह्यात तर काहीच दिसत नाही गं," मी म्हटलं.

तिने चित्र पदराने हळूच पुसलं आणि गजाकाकाच्या फ्रेमशेजारी टेकवलं.

"दिसाक कशाक व्हया?" ती म्हणाली. "आसा ना थंय."