सोपानमामांचा पाच नंबर

सोपानमामांच्या घरी पाहुण्याला पाणी नंतर, आधी नंबर मिळतो. तुम्ही चपला काढेपर्यंत मामा तुमचा मोबाइल वायफायला जोडतात, राउटरच्या यादीत त्याला एक नंबर कायमचा लावून देतात आणि वहीत लिहून ठेवतात. टीव्हीला दोन, मामींच्या मोबाइलला सहा, मला बारा. टीव्हीच्या कपाळावर तर आकड्याची चिकटपट्टीच आहे.

मामा टेलिफोनचे लाइनमन म्हणून रिटायर झाले. खांबावर चढणं सुटलं, पण लोकांना जोडायची खोड काही गेली नाही. कळमनुरीत त्यांची नि माझी भिंत एक, त्यामुळे त्यांचं ज्ञान पहिल्यांदा माझ्याच डोक्यावर आदळतं.

"मास्तर, इंटरनेटवर पत्ते दोन. भायरचा कंपनी देती, अख्ख्या घराला मिळून एक. लाइट गेली की तो बदलून राहिला. पण घरातला, म्हंजी हा नंबर, आपुन देतो. तो काहून बदलावा?"

लाइट आली की मामा आधी बाहेरचा पत्ता तपासतात, आणि तो बदललेला दिसला की भाडेकरू न सांगता निघून गेल्यासारखे चिडतात. नव्या लांबलचक पत्त्यांवर तर त्यांनी माझी एक अख्खी दुपार खाल्ली. जुने पत्ते जगाला पुरेनात म्हणून हे निघाले; आता सिद्धेश्वरच्या धरणातल्या एकेका मासोळीला दिले तरी उरतील म्हणे. मी बापडा चहाला गेलो होतो.

एकदा मी गमतीनं म्हणालो, मामा, बारा नको, मला पाच द्या. मामांचा चेहराच उतरला.

"पाच सोडून काय बी मागा."

मग मामींनी मला बाजूला घेऊन सांगितलं. पाच नंबर सुजाताचा, त्यांच्या लेकीचा. तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं तेव्हा मामा रागाच्या भरात बोलून गेले होते, या घराचा पत्ता इसरून जाय. तीन वर्षं झाली, ती आली नाही. आणि फोन करायला मामांची जीभ रेटत नाही. गावाला पत्ते वाटत फिरणारा माणूस आणि पोटच्या पोरीला हे बोलतो! मला त्यांचा खरंच राग आला.

गेल्या महिन्यात कंपनीचा माणूस नवा राउटर बसवायला आला. नाव, पासवर्ड, सगळं नवीन टाकू म्हणाला. मामा हटूनच बसले. नाव जुनंच, पासवर्ड जुनाच. वर सुजाताच्या मोबाइलची खूण, म्हणजे राउटर ज्यावरून मोबाइल ओळखतो तो आकडे-अक्षरांचा क्रमांक, वहीतून एकेक अक्षर वाचून दाखवली आणि पाच नंबर तिच्या नावानं लावून घेतला, तेव्हाच त्याला जाऊ दिलं.

परवा दुपारी आम्ही ओसरीत बसलो होतो. मामा नेहमीसारखी मोबाइलवर राउटरची यादी, कोणकोण जोडलंय ते, बघत होते. बघता बघता उठून उभे राहिले.

"पाच लागला," म्हणाले.

मी म्हटलं, काहीतरी चुकलं असेल, फाटक तर बंद आहे. पण मामा अनवाणीच अंगणात पोचले होते. फाटकाबाहेर सुजाता उभी होती. कडेवर लेकरू, हातात मोबाइल.

"कडी काहून वाजवली न्हाई गं?" मामांनी विचारलं.

"वायफाय लागतंय का ते बघून राहिले होते, बाबा," ती म्हणाली. "तुमी पासवर्ड बदलला असता तर तशीच मागं फिरणार होते."

मामांनी कडी काढली. मग आत गेले आणि तांब्या भरून घेऊन आले. नंबराची वही त्या दिवशी कुणी उघडली नाही.