वजन तपासले, बरोबर आहे

ऑफिसातला पार्सलचा काटा शनिवार-रविवारपुरता घरी न्यावा हे मला सुचलं, तेव्हा माझं डोकं ठिकाणावर होतं. मुद्दाम सांगतो, कारण घरात याबद्दल दुमत आहे. (एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बाकी सगळे.)

त्याचं असं झालं. बाळ अकरा दिवसांचं. दूध पाजायला घेतलं की ते रडायचं, आणि बायकोही रडायची, कारण तिला भयंकर दुखायचं. दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी एका स्तनपान सल्लागार बाईंचा नंबर दिला होता. बायको रोज म्हणायची, "लाव ना फोन."

"दूध पाजायला तज्ज्ञ कशाला?" मी म्हणालो. "मांजरीला कोण येतं शिकवायला?"

"मांजरीच्या उशाशी नवरा बसत नाही," बायको म्हणाली.

सासूबाईंचं तिसरंच. पावडरचा डबा आणा, विषय संपवा. बायकोला ते नको होतं. "मला पाजायचंय गं आई. एकदा तरी नीट जमू दे," असं ती इतक्या बारीक आवाजात म्हणाली की मला काहीतरी करणं भागच पडलं. फोन लावणं फारच सोपं होतं, म्हणून मी काटा आणायचं ठरवलं. दूध पुरतंय की नाही ते वजनावरून कळणार, आणि पार्सलच्या खिडकी क्रमांक तीनवर मी अकरा वर्षं वजनंच करतोय. वजनातलं मला कोण शिकवणार?

काट्याला धक्का लागू नये म्हणून शनिवारी बाळाची छोटी गादी पिशवीत घालून ऑफिसला नेली आणि तिच्यात काटा गुंडाळून आणला. (याला दूरदृष्टी म्हणतात.) संध्याकाळी काट्यावर गादी, गादीवर बाळ. चार किलो दोनशे.

"गादीचं वजन वजा नाही करायचं?" बायकोने विचारलं.

"गादी रोज तीच असणार. आपण फक्त फरक बघायचा. शास्त्र आहे ते."

रविवारी संध्याकाळी पुन्हा बाळाला ठेवलं. चार किलो वीस.

काटा पुसला, हलवला, दुसऱ्या टेबलावर नेला. चार किलो वीस! एका दिवसात एकशे ऐंशी ग्रॅम गायब. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी जन्माचं तीन किलो वजन धरून त्रैराशिक मांडलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं, "या वेगाने सतराव्या दिवशी बाळ शिल्लकच राहत नाही."

पुढे घरात जे झालं ते माझ्या शत्रूच्याही घरी होऊ नये. "माझं दूधच पुरत नाही त्याला," म्हणत बायको ढसाढसा रडायला लागली. सासूबाईंनी डबा आणायला चपला घातल्या. खरंच घाबरलो होतो हो मी! शेवटी मीच त्या सल्लागार बाईंना फोन लावला.

"उद्या चारला येते," त्या म्हणाल्या. "लघवी नीट करतोय ना?"

"माझे तीन शर्ट साक्षीला आहेत."

"मग येईपर्यंत पाजत राहा."

सासूबाईंनी चपला काढल्या. "उद्या चारपर्यंत थांबते. मग मी कुणाचं ऐकायची नाही."

सोमवारी काटा ऑफिसात परत नेला, तर माझा शिक्का गायब! लाकडी मुठीचा, चांगला जड पितळी शिक्का. खिडकी क्रमांक दोनच्या बाईंचा त्यावर फार दिवस डोळा होता.

"काट्याबरोबर घरी नेला असाल," त्या म्हणाल्या.

"मला काय वेड लागलंय?" मी म्हणालो, आणि साहेबांकडे त्यांच्याविरुद्ध लेखी तक्रार देऊन लवकर घरी आलो.

बरोबर चारला सल्लागार बाई आल्या. मी तयार केलेला तक्ता त्यांनी न बघता टीपॉयवर पालथा ठेवला आणि बायकोजवळ बसल्या.

"तुम्ही बाळावर वाकताय. वाकायचं नाही. मागे टेका, बाळाला स्वतःकडे आणा. त्याचं पोट तुमच्या पोटाला. हं, आता घाई नको. मोठ्ठा आ करू दे. आणखी मोठा. आता घ्या जवळ, आधी हनुवटी."

मी म्हणालो, "थोडं डावीकडे..."

"तुम्ही पाजताय का?"

मी दाराशी जाऊन उभा राहिलो. मग घुटूक, घुटूक असा आवाज यायला लागला.

"दुखतंय?" बाईंनी विचारलं.

"नाही," बायको म्हणाली, आणि पुन्हा रडायला लागली. पण हे रडणं वेगळं होतं. सासूबाईंनीही डोळ्याला पदर लावला. माझ्या मात्र डोळ्यात काहीतरी गेलं होतं.

बाळाचं पोट भरल्यावर बाईंनी स्वतःचा काटा काढला. "कपड्यांशिवाय करायचं वजन," म्हणत लंगोट सोडला आणि त्याच्याकडे बघतच राहिल्या. लंगोटावर जांभळ्या शाईत स्पष्ट छापलं होतं: वजन तपासले, बरोबर आहे. खिडकी क्र. ३.

"हे कुणी केलं?"

"अगं बाई, उमटलं वाटतं!" सासूबाई म्हणाल्या. "काल सकाळी गादीची खोळ धुवायला काढली, तर आत हे जड लाकडी काहीतरी. खिडकीत वाळत घातलेले लंगोट उडू नयेत म्हणून वर ठेवलं."

"मला सांगायचं नाही?"

"तुमच्या वस्तूंबद्दल बोललेलं तुम्हाला कुठे चालतं जावईबापू?"

बाईंनी शिक्का काट्यावर ठेवला. एकशे ऐंशी ग्रॅम. बाळ तीन किलो साठ, म्हणजे जन्माच्या वजनापेक्षा साठ ग्रॅम जास्तच. त्यांनी कार्डावर लिहून दिलं: 'वजन आठवड्यातून एकदा, माझ्याकडेच. वडिलांनी काट्याला हात लावू नये.'

बायकोने शिक्का मागितला, तोंडाची वाफ दिली आणि त्या ओळीखाली दाबला. पुसट, पण उमटला. मग हसत हसत तिने तो माझ्या कपाळाकडे आणला.

"तिथे नको गं," सासूबाई म्हणाल्या. "शिक्का सरकारी आहे. खोटा ठरेल."