आमच्या सत्कार समितीचे वस्त्रकलेस योगदान

समाज किती पुढे गेला हे मोजायचं असेल, तर त्याने किती खांद्यांवर शाली टाकल्या ते मोजावं. या मापाने राणीसावरगाव फार पुढे गेलेलं आहे. आमच्या गुणवंत सत्कार समितीने (अध्यक्ष: मी, भगवानराव) दहावी पास झालेले, दहावी नापास पण पोहण्यात तरबेज असलेले, नवा ट्रॅक्टर घेतलेले आणि मुतखडा पडून सुखरूप घरी आलेले, अशा सर्व थरांतील गुणवंतांना गौरवलं आहे. आजवर गावातल्या एकशे चार टक्के लोकांचा सत्कार झाला. (काहींचा दोनदा झाला.)

मुंजाजीची मुलगी भक्ती हे आमच्या कार्याचं ठळक उदाहरण. पोरगी लहानपणापासून कापडाच्या नादी लागलेली. पोळ्याला सगळं गाव बैलांच्या झुलीवरचे आरसे बघायचं, ही झूल उलटी करून टाके बघायची. पुढं तिला कळलं की कापडाची वीण, रंग, नक्षी शिकवणारं मोठं कॉलेज गुजरातेत आहे आणि त्या विद्येला टेक्सटाईल डिझाईन म्हणतात. मग तिनं दोन वर्षं नुसती चित्रं काढली. प्रवेश परीक्षेला तिची आई कडूबाई तिला एसटीनं घेऊन गेली आणि दिवसभर केंद्राबाहेर उन्हात बसून राहिली.

त्या दोन वर्षांत समितीचं कुणी त्या घराकडं फिरकलं नाही, अशी टीका होते. ती अज्ञानातून होते. निकालाआधी माणसाकडे लक्ष देण्याची तरतूद आमच्या घटनेत नाही. तरीही मी मुंजाजीला पारावर म्हणालो होतो, "अरे, कापडावर फुलं काढायला गुजरातेत कशाला धाडतोस? आमची सून घरी बसून काढती की!" हे मार्गदर्शन विनामूल्य होतं.

निकाल लागला. भक्तीला प्रवेश मिळाला. त्याच दिवशी दुपारी आम्हाला तिच्यातले गुण दिसले.

मग काय विचारता! शाळेकडून सत्कार, भावकीकडून सत्कार, भजनी मंडळाकडून सत्कार. भजनी मंडळानं केला म्हणून त्यांच्याशी बोलणं टाकलेल्या दुसऱ्या भजनी मंडळाकडून जास्त मोठा सत्कार. भक्ती प्रत्येक वेळी शालीचा काठ बोटात धरून चोळायची. एकदा व्यासपीठावरच मला म्हणाली, "काका, समद्या शाली एकाच छापाच्या हायेत. काठावरचा मोर बघा, परत्येक शालीत त्याची मान मोडल्यावानी वाकडी हाय."

मी तिला समजावलं, की सत्काराच्या वेळी शालीकडं बघायचं नसतं, कॅमेऱ्याकडं बघायचं असतं. शिकलेल्या पोरांना एवढंही सांगावं लागतं, काय करता!

आता मुद्द्याचं. सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत कॉलेजात हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलाला. वेळेत पोचवणारी गाडी एकच, रविवारी दुपारी, परभणीहून. आणि रविवारी सकाळीच देवगाव फाट्यावर एका पतसंस्थेच्या शाखेचं उद्घाटन होतं, त्यात भक्तीचा जिल्हास्तरीय सत्कार ठेवलेला. जिल्हास्तरीय! कडूबाई म्हणाली, "भावजी, पोरीची गाडी हाय. न्हाई जमायचं."

मी म्हणालो, "वहिनी, देवगाव फाटा वाटंवरच हाय. तिथून आमच्याच जीपनं टेसनात सोडतो." (देवगाव फाटा परभणी ओलांडून बराच पुढं आहे. पण रस्ता एकच.) मुंजाजी विरघळला. "एवढी मोठी माणसं बोलवायलीत, न्हाई कसं म्हणावं?" असं म्हणून त्यानं नवा सदरा घातला.

प्रमुख पाहुणे तीन तास उशिरा आले. वेळात वेळ काढून आल्याबद्दल आधी त्यांचा सत्कार झाला. मग पाच वक्ते बोलले. विषय एकच होता: मुलींना अडवू नका. भक्ती मांडीवर पिशवी आणि पिशवीवर नारळ घेऊन बसलेली. तिनं माझी बाही ओढली. "काका, गाडी." मी लगेच माईकवरून सांगितलं, की आपली कन्या इतकी विनम्र आहे की कौतुक ऐकवेना म्हणून निघायची घाई करायलीय. टाळ्यांचा कडकडाट झाला.

गाडी गेली. भक्ती फलाटावर पिशवीवर बसून हमसून हमसून रडली. कडूबाई रडली नाही, माझ्याकडं नुसती बघत राहिली. (मी फोटो निवडत होतो.) जागा दुसऱ्याला गेली, पोरीचं अख्खं वर्ष गेलं. समिती अशा प्रसंगी स्वस्थ बसत नाही. आठवड्याच्या आत आम्ही 'अपयश पचवणारी जिद्दी कन्या' म्हणून तिचा सत्कार केला. मोर तोच होता.

पुढचं वर्ष पोरगी घरात त्या शालींचा ढीग घेऊन बसली. उसवायची, धागे मोजायची, मोराची मान सरळ करून पुन्हा विणायची. पुन्हा परीक्षा दिली. मुलाखतीत म्हणे तिनं साऱ्या शाली टेबलावर मांडल्या आणि कुठली कशाबद्दल मिळाली ते एकेक सांगितलं. परीक्षक आधी खूप हसले, मग एकेक शाल उलटी करून टाके बघत बसले आणि त्यांनी प्रवेश दिला.

हे आम्हाला कधी कळलं? कॉलेज सुरू होऊन महिना झाल्यावर! कडूबाईनं गावात सांगितलं होतं, की पोरीची दाढ दुखायलीय, परभणीला दाखवून आणते. दाढदुखीच्या सत्काराची तरतूद नाही. त्यामुळं सकाळच्या एसटीत बसताना त्या मायलेकींना कुणी हटकलंही नाही. असा कृतघ्नपणा या गावानं पाहिला नव्हता.

तरी समितीचं मन मोठं आहे. आमच्या शालींमुळंच तिला प्रवेश मिळाला, हे आता सिद्धच झालं. म्हणून गुणवंताच्या गैरहजेरीत सत्कार ठरला. निदान आईनं तरी शाल घ्यावी म्हणून मी स्वतः घरी गेलो. कडूबाई धुणं वाळत घालत होती. म्हणाली, "खुर्ची मांडा भावजी, अन् खुर्चीलाच घाला. तिला कुठं जायचं नसतंय."

सूचना व्यवहार्य वाटली. खुर्चीला शाल घातली, खुर्चीच्या हातावर नारळ ठेवला, पाच भाषणं झाली. कार्यक्रम कधी नव्हे तो वेळेत संपला.

आपण, वाचकहो, तिथं होताच. मागच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांत आपला फोटो घ्यायचा राहिला म्हणून आपण महिनाभर माझ्याशी बोलत नव्हता. या वेळी खालून दुसऱ्या ओळीत घेतलाय, गॉगलवाला.

आणि हो. आपल्या धाकटीची दाढ दुखायलीय म्हणून आपण काल कुणाला तरी सांगत होता. संध्याकाळी घरीच थांबा. शाल घेऊन येतो.