सोमिलेच्या मरणाची नोंद

प्रथम वंदन वेशीवरील देवीस, जी येणाऱ्या-जाणाऱ्या कोणास अडवीत नाही. सम्राट सिंहासनी बसले त्यास एकोणिसावे वर्ष, मार्गशीर्ष वद्य तृतीया, ते दिवशी राजनगरीत बुरूडआळीस आमचे कुटुंब सोमिला तापाने वारली. माहेर नदीपलीकडे, एका दिवसाची वाट. जाताना इतकेच बोलली की, अस्थी माहेरच्या संगमावर सोडा. मग दहावे दिवसाचे आत जाणे प्राप्त जाहले. आणि वेशीबाहेर पाऊल टाकावयाचे तर सरकारी शिक्का पाहिजे, त्यास मुद्रा म्हणतात, आणि अस्थी नेण्याची मुद्रा पाहिजे तर मरणाची नोंद पाहिजे.

आमचे आळीची चाळीस घरे भद्रक नामे गोपाकडे होती. कोण जन्मले, कोण आले, कोण गेले, हे लिहिणे हेच त्यांचे काम. आम्ही गेलो. भद्रक बोलिले, "बुरूडा, वाईट जाहले. पण मरण लिहिणारे पाच जण वेगळे. तेथे जा." नगरीस कारभारी तीस, पाचापाचांच्या मंडळ्या सहा. मग जन्ममृत्यूच्या पाचांकडे गेलो. त्यांनी ताडपत्रे धुंडाळली आणि बोलिले, "हिचा जन्म आमचेकडे नाही. जी जन्मली नाही ती मरेल कैसी? परदेशी मंडळीकडे पाहा." मग परदेशी मंडळीकडे गेलो, तो तेथे नोंद निघाली: सोमिला, नदीपलीकडील, पाहुणी. आम्ही म्हटले, "महाराज, सव्वीस वर्षे चूल सांभाळली, पाहुणी कैसी?" ते बोलिले, "गेल्याचे लिहिलेले नाही, म्हणजे मुक्काम चालू. पाहुणा वारला तर क्रिया आम्हीच करितो आणि सामान नातलगांस धाडितो. नातलग कोण?" म्हटले, "मी नवरा." बोलिले, "तू तर येथला. परक्याचे नातलग परकेच असावे लागतात. पलीकडून कोणी आण." म्हटले, "आणावयास जाऊ द्या." बोलिले, "मुद्रा आहे काय?"

ऐसे इकडून तिकडे, तिकडून इकडे करिता एकादशी उजाडली. अस्थींचे गाडगे काखेत घेऊन पुन्हा भद्रकांचे ओटीवर बसलो आणि बोलिलो, "आता उठत नाही. काय लिहावयाचे ते लिहा." भद्रकांनी कपाळावर हात मारिला. "अरे, ती मेली ऐसे कोठे लिहिले आहे?" म्हटले, "कोठेच नाही." "मग जिवंत आहे! जिवंत बाईस माहेरी जाण्याची मुद्रा मीच देतो. तुझी एकट्याची हवी की दोघांची?" आम्ही गाडग्याकडे पाहिले आणि म्हटले, "दोघांची."

द्वादशीस पहाटे वेशीवर गेलो. पहारेकरी म्हातारा होता. मुद्रा पाहून बोलिला, "माणसे दोन. दुसरे कोठे?" आम्ही गाडगे पुढे केले. तो बाजूस सरला आणि गाडग्यास बोलिला, "वहिनी, जपून जा. पुढे उतार निसरडा आहे." इतक्या दिवसांत सरकारच्या माणसांपैकी तिजशी बोलला तो हा एकच. आम्ही उतार उतरलो आणि मग रडलो. दिवस मावळावयाचे आत अस्थी संगमी सोडिल्या.

त्रयोदशीस परतलो तो वेशीवर दुसरा पहारा. "दोन गेली, एक आला. बाई कोठे?" म्हटले, "माहेरी राहिली." त्याने तैसेच लिहिले. तेव्हांपासून दर पौर्णिमेस भद्रक दारी येतात, ताडपत्र मांडीवर घेतात आणि पुसतात, "बाई आली काय?" आम्ही म्हणतो, "नाही." ते म्हणतात, "फार दिवस राहिली हो. भांडण तर नाही ना? जाऊन समजूत काढ. मुद्रा देतो." शेजारणीही आता तेच पुसू लागल्या आहेत. तीन वर्षे ऐसेच चालले आहे.

सारांश, राज्य थोर, शिस्त चोख, ताडपत्री एक अक्षर चुकले नाही. घरी एक माणूस कमी आहे, तेवढे लिहिणे राहिले होते, ते येथे लिहिले.