नागमोडी रस्त्याचा एक गुण

प्रवासवर्णन लिहायला प्रवास करावा लागत नाही. उलट प्रवासाने वर्णन बिघडते. हे सत्य सर्वप्रथम लातुरात सिद्ध झाले, याचा आम्हा लातूरकरांना रास्त अभिमान आहे.

'शब्दवैभव निबंध क्लास'चे पेपर मी घरी तपासते. तपासणीची वेळ दुपारी दोन ते सव्वातीन, म्हणजे आमची लेक मांडीवर झोपलेली असते तेवढीच. तिचे डोके डाव्या दंडावर, लाल पेन उजव्या हातात. (ती कूस बदलते तेव्हा एखाद्याला अर्धा गुण जास्त पडतो. आजवर तक्रार आलेली नाही.)

क्लासचे संस्थापक मल्लिनाथ सर. त्यांना ही विद्या भूकंपाने दिली. तेव्हा दूरदूरहून गाड्या भरून माणसे आली, आमचा मुलूख बघून गेली आणि 'निसर्गाचे तांडव', 'काळाचा घाला' असे लिहून मोकळी झाली. आम्ही तोवर नुसतेच 'हाललं' म्हणत होतो. आपल्या बोलण्यात काय कमी आहे ते सरांना त्या दिवसांत उमगले. पुढे गल्लोगल्ली क्लास निघाले, तेव्हा सरांनी प्रवासवर्णनाचा तक्ता काढला.

रस्ता नागमोडी असणे, एक गुण. (लातूरहून नांदेडला जाताना रस्ता बराच वेळ सरळच जातो. तो रस्त्याचा दोष धरावा.) धरतीने हिरवा शालू नेसणे, एक गुण, सहल मे महिन्यातली असली तरी शालू हवाच. कानाला मंजुळ, नाकाला सुगंध, जिभेला अमृत, अंगाला झुळूक, असे अर्ध्या-अर्ध्याने दोन. (बसमध्ये येतो तो वास. तो नाकाच्या गुणात धरला जात नाही.) उपमा तीन गुणांच्या, पैकी एक दुधाची. डोळ्यांचे पारणे फिटल्यास दोन. उरलेला एक शुद्धलेखनाचा.

यंदाचा विषय होता 'सहस्रकुंडचा धबधबा'. पेपर दोनशे चौदा. पाणी दुधासारखे: दोनशे नऊ. कापसासारखे: तीन. साबणाच्या फेसासारखे: एक. (वडिलांची लाँड्री आहे. अर्धा गुण कापला.) धबधबा प्रत्यक्ष पाहिलेली मुले: एक. तिचे गुण: दोन.

ती अर्शी. घर इस्लापूरला, पाण्याच्या आवाजात. लातुरात आत्याकडे राहते. वडिलांची अट एकच: अ तुकडीत टिकलीस तर शिक, नाहीतर परत गावी. अ तुकडीला आठ गुण लागतात.

तिने लिहिले होते: "उन्हाळ्यात धबधबा नसतो. काळ्या दगडांवर बकऱ्या फिरतात. पावसाळ्यात आवाजाने पहिले दोन दिवस झोप येत नाही, मग येते. पाणी ओसरून आवाज थांबतो, तेव्हा सगळे घर एकदम जागे होते. अब्बू विचारतात, कोण गेलं?"

शालू नाही, दूध नाही, पारणे नाही. शुद्धलेखनाचा एक, कानाचा अर्धा, एकूण दीड. तेवढ्यात लेकीने कूस बदलली, म्हणून दोन.

वडील हनीफभाई शिलाईचे काम सोडून मुलीला न्यायला आले. मी पेपर पोचवायला क्लासात गेले होते.

"सर, आमच्या दारातून दिसते धबधबा. पोरगी खोटं लिहून राहिली का?"

"खोटं न्हाई हनीफभाई, कच्चं हाय. धबधबा तुमचा, तक्ता आमचा."

"अन् दुधासारखं लिवलं असतं तर?"

"तर पास."

"पाणी गढूळ असते सर. चहावानी."

सर विचारात पडले. "चहात दूध असतंय," ते म्हणाले, "पण तेवढ्यानं भागत न्हाई."

तरी सरांचे मन मोठे. त्यांनी सोमवारी फेरपरीक्षा दिली. त्याआधी दोन दिवस अर्शी दुपारची माझ्याकडे आली. लेक तिच्या मांडीवर झोपली आणि मी तक्ता शिकवला.

"मॅडम, पारणं म्हंजे?"

"उपास सोडतात ते."

"मग डोळ्यांनी उपास कवा धरला?"

तक्त्यात याचे उत्तर नव्हते. मी तिला पाठ करायला सांगितले.

अर्शीला दहापैकी दहा पडले. सरांनी पेपर वर्गात वाचून दाखवला. हनीफभाई एकटेच गावी परतले, खुशीत. मीही खुशीत होते, खोटे कशाला बोलू.

दिवाळीच्या सुट्टीहून आली तेव्हा ती सहज म्हणाली, "मॅडम, औंदा पाण्याचा आवाज थांबला, तवा सगळे उठले. मी न्हाई उठले. झोपूनच राहिले."

मी तिला शाबास म्हटले. अभ्यासाच्या मुलीला झोप चांगली लागावी.

आता तुमची तपासणी. हे वाचून काळजात चर्र झाले असेल तर अर्धा गुण. डोळ्यांच्या कडा पाणावल्या असतील तर एक. अर्शीच्या पहिल्या पेपरालाच दहा हवे होते असे वाटत असेल, तर जूनमध्ये मुलाला घेऊन या. क्लासच्या फॉर्मवर दोन चौकोन असतात: 'तक्त्याप्रमाणे' आणि 'पाहिले तसे'. दुसरा मीच सरांच्या मागे लागून घालून घेतला. त्यावर आजवर एकही खूण नाही. लेकीचे नाव मी आत्ताच नोंदवले (बारा वर्षांनंतरची तुकडी भरत आली आहे), तेव्हा माझे पेन त्या चौकोनावर जरा थबकले आणि पुढे गेले.

तुमचा फॉर्म आला की बघू.