मनुष्यबळाचं प्रकरण

संध्याकाळच्या कॉलेजात, एचआरच्या पदव्युत्तर वर्गाच्या पहिल्याच तासाला हजेरीबाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या. वर्गातली बाकीची मुले त्यांच्या लेकीच्या वयाची. या वयात आपण इथे कशाला तडमडलो, असे त्यांच्या मनात यायला आणि दार ढकलून त्यांचे ऑफिसातले साहेब आत यायला एकच गाठ पडली.

कंपनीत त्यांना सगळे हजेरीबाईच म्हणत. कोण केव्हा आले, कोण आलेच नाही, हे टिपण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. साहेब त्याच मनुष्यबळ विभागाचे, म्हणजे एचआरचे, प्रमुख. बाईंना बघून ते आल्या पावली वळले. पण तोवर प्राध्यापिकेने दार लावून घेतले होते, आणि रिकामी जागा नेमकी बाईंच्या शेजारी होती.

"तुम्ही इथे कशा?" साहेब पुटपुटले.

"सहज," बाई म्हणाल्या. साहेबांची खुर्ची कधीतरी रिकामी होईल, त्या दिवशी आपली तयारी असावी म्हणून त्या आल्या होत्या. पण हे खुद्द साहेबांना कोणत्या तोंडाने सांगणार? "आणि तुम्ही, साहेब? तुमच्याकडे तर ही पदवी आहे ना? केबिनबाहेरच्या पाटीवर लिहिलंय."

"पाटीवर आहे," साहेब म्हणाले आणि वही उघडून त्यांनी पहिल्या पानावर तारीख घातली.

मुख्य कार्यालयात सगळ्यांच्या पदव्या तपासायचे घाटत होते. मिळवली नव्हती ती पदवी निदान मिळवायला तरी लागलो, एवढे म्हणता यावे, म्हणून साहेबांनी हा खटाटोप मांडला होता. ऑफिसात कुणाला काही कळू द्यायचे नाही, असे दोघांनी ठरवले. लवकर निघायला कारण काय सांगायचे, हे मात्र ठरवायचे राहिले. साहेबांनी सांगितले, दात दुखतो, डॉक्टरकडे जायचे असते. बाईंनीही दातच सांगितला.

"दोघांचा दात एकाच संध्याकाळी कसा दुखतो?" टपाल विभागातल्या कारकुनाने एकदा जेवणाच्या सुट्टीत सहज विचारले. एवढे पुरेसे होते.

त्यात साहेबांना अभ्यासातले काही कळेना. मग ते बाईंना केबिनमध्ये बोलावत, दार लोटून घेत आणि धडा समजावून घेत. दाराजवळून जाता जाता टपालवाल्याच्या कानावर पडले, "बाई, या वयात मला नाही हे जमायचं." त्यावर बाईंचा समजुतीचा आवाज आला, "जमेल, साहेब. सुरुवातीला सगळ्यांनाच भीती वाटते." टपालवाला तिथून टपाल न देताच परतला.

बाई केबिनमधून बाहेर आल्या की ऑफिसात चिडीचूप होऊ लागले. शेवटी त्यांनी घरी नवऱ्याच्या कानावर घातले की ऑफिसात आपल्याबद्दल असे असे बोलतात. नवऱ्याने टीव्हीवरची नजर क्षणभर काढली. "तुझ्याबद्दल? काहीतरीच," म्हणाला आणि मनापासून हसला. बाईंना त्या कुजबुजीपेक्षा हे हसणेच जास्त लागले.

एके दिवशी मुख्य कार्यालयातून मोठ्या साहेबांचा फोन आला. "तुमच्या ऑफिसात एक वरिष्ठ आणि एक बाई यांचं काहीतरी सुरू आहे, अशी तक्रार आली आहे. नावं कळलेली नाहीत. तुमच्याच विभागाचं काम आहे, चौकशी करा आणि कळवा."

साहेबांनी फोन ठेवला. स्वतःची चौकशी स्वतःच कशी करतात, हा भाग अजून शिकवून झाला नव्हता. म्हणून त्या संध्याकाळी त्यांनी वर्गात हात वर केला. "मॅडम, समजा, एखाद्याचं ऑफिसात प्रकरण असेल, तर शिक्षा काय?"

"दोघांची खुशी असेल तर बहुतेक ठिकाणी ताकीद."

"आणि समजा, नोकरी घेताना खोटी पदवी सांगितली असेल तर?"

"नोकरी जाते."

साहेबांनी दोन्ही उत्तरे वहीत उतरवून घेतली. तास संपल्यावर जिन्यात ते बाईंना म्हणाले, "मी काय म्हणतो, आपण प्रकरण कबूल करून टाकू."

"साहेब, माझं लग्न झालंय."

"माझंही झालंय. पण ताकीद तोंडी असते, बाई. कागदावर येत नाही."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिले. चेष्टा करावी अशी त्या चेहऱ्यावर एकही जागा नव्हती. "विचार करून सांगते," एवढेच त्या बोलल्या. विचार करण्यासारखे त्यात काही नव्हते; पण त्या माणसाला तिथल्या तिथे नाही म्हणवेना.

विचार करायची वेळच आली नाही. पुढच्या तासाला दार उघडले आणि साहेबांच्या पत्नी आत आल्या. ऑफिसातल्या कुणीतरी त्यांना पत्ता दिला होता.  पर्स मांडीवर घेऊन त्या मागच्या भिंतीला लागून बसल्या आणि 'कर्मचाऱ्याचे समाधान' हा सबंध तास त्यांनी ऐकला. मुले पांगल्यावर त्या उठल्या.

"रोज हेच चालतं इथे?" त्यांनी बाईंना विचारले.

"हो, वहिनी. याच्यापलीकडे काही नाही."

वहिनी खाली बसल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. "मग मला सांगायला काय झालं होतं?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आणि ही पदवी तर तुमच्याकडे होती ना? आपलं ठरलं तेव्हा माझ्या बाबांना तुम्ही..."

साहेबांनी मान खाली घातली. वहिनींना सगळे कळायला थोडा वेळ लागला. बाबा अगदी शेवटपर्यंत ती पदवी पाहुण्यांना सांगत राहिले होते.

"यापेक्षा ते दुसरं बरं होतं," वहिनी म्हणाल्या आणि निघून गेल्या.

घरीच कळल्यावर साहेबांना लपवण्यासारखे काही उरले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना समोर बसवले आणि मोठ्या साहेबांना फोन लावून सगळे सांगून टाकले: प्रकरण नाही, पदवीही नाही.  बाईंना त्यांची दया आली आणि त्याच वेळी नजर त्यांच्या खुर्चीवरही गेली. या दोन गोष्टी एकाच वेळी होतात, हे त्यांना नवे होते.

पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग मोठे साहेब हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या त्या कॉलेजात अजून प्रवेश देतात का?"

पदव्या तपासायचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही. पुढच्या सोमवारपासून मागच्या बाकावर तिघे बसू लागले. मोठ्या साहेबांचे बरेच धडे बुडाले होते, म्हणून बाई अर्धा तास आधी येऊन दोघांना मागचे शिकवत. साहेबांची खुर्ची शाबूत राहिली. घरी वहिनी त्यांच्याशी कामापुरतेच बोलत होत्या, पण ऑफिसात ते आता मोकळा श्वास घेत होते.

"बाई," एका संध्याकाळी मोठे साहेब म्हणाले, "चांगल्या कर्मचाऱ्याला उमेद कशी द्यायची, हे मला कळलेलं नाही. सोपं करून सांगा."

बाईंनी पुस्तकावरून बोट फिरवले. "साधारणपणे बढती देतात, साहेब."

दोघांनीही लिहून घेतले.

"आणि ते शक्य नसेल तर?"

"मग कौतुक करतात."

"वा," मोठे साहेब म्हणाले. "फार छान समजावता तुम्ही."