वकिलातीचं गाऱ्हाणं

दीपक बेपत्ता आहे हे भागोजीला बुधवारी सकाळी टीव्हीवर कळलं. परदेशातल्या आपल्या दोन वकिलातींवर एकाच दिवशी हल्ला झाला होता. सगळी माणसं सुखरूप होती, फक्त एका वकिलातीतला स्वयंपाकी सापडत नव्हता. तो स्वयंपाकी म्हणजे भागोजीचा एकुलता एक मुलगा. दीपक होता त्या देशाचं नाव भागोजीला कधी नीट घेता आलं नाही. तो आपला 'दीपकचा देश' म्हणायचा.

दीपकचा फोन लागेना. भागोजीनं टीव्ही बंद केला, बायकोच्या, कमळाच्या, फोटोकडे पाहिलं आणि ठरवलं, कोणाला सांगायचं नाही! शिमग्यात कमळा गेली तेव्हा दोन महिने सगळी वाडी सांत्वनाला येत होती, आणि सगळ्यांचा चहा करता करता भागोजीला रडायला सवड मिळाली नव्हती. या वेळी तोंड शिवून बसायचं. वाडीत गोष्ट पोटात ठेवावी ती भागोजीनंच!

सांगितलं ते फक्त थोरल्या बहिणीला. हौसाआक्का काही कोणाला सांगणारी नव्हती. तिनं फक्त तिच्याकडे मासे घ्यायला आलेल्यांना सांगितलं.

अकरा वाजता अंगणात चाळीस माणसं! सर्वांत पुढे रघू. दिल्लीत सरकार ज्या पक्षाचं, त्याचा झेंडा वाडीत रघूच्या घरावर.

"दादा, घाबरू नका! सरकारनं त्यांच्या राजदूताला बोलावून असा खडसावलाय, जन्मात विसरणार नाय!"

"खडसावलाय? चहा-बिस्किटं देऊन?" मागून शुभंकर ओरडला. तो विरोधी पक्षाचा. "हल्ला होणार हे आठ दिवस पेपरात येत होतं. पहारा का नाय वाढवला?"

"तुमच्या राज्यात काय दिवे लावलेत?"

"दिवे नसतील लावले, पण वकिलाती जळत नव्हत्या!"

"संकटात सरकारवर बोट दाखवतोस? ही वेळ हाय?"

"मग कधी दाखवू? मुहूर्त काढून?"

"अरे, माझा दीपक..." भागोजी म्हणाला.

"थांबा हो काका," शुभंकर म्हणाला, "इथं मुद्द्याचं चाललंय!"

शेवटी हौसाआक्कानं दोघांना गप्प केलं. "सरकार ऱ्हाऊ द्या. आधी भैरीबुवाला गाऱ्हाणं घाला!"

त्या दिवसातली ही पहिली गोष्ट, जिला दोन्ही पक्षांनी पाठिंबा दिला. चाळीस माणसं ग्रामदेवाच्या, भैरीबुवाच्या, देवळात गेली. सोनू गुरवानं देवापुढे नारळ ठेवला आणि बजावलं, "सगळ्यांनी एका आवाजात व्हय म्हणायचा. एक जरी गप्प ऱ्हायला, तरी गाऱ्हाणं देवाला पोचत नाय."

मग त्यानं हात जोडले.

"बा देवा भैरीबुवा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझा लेकरू दीपक परदेशात हरवलाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

भागोजीचा आवाज सगळ्यांत मोठा होता. एवढ्यात रघू पुढे सरकला आणि गुरवाच्या कानात काहीतरी बोलला.

"आणि आपला सरकार जी कडक पावलं उचलतोय, त्याला यश दे, म्हाराजा!"

वीस माणसं व्हय म्हणाली. वीस माणसं छपराकडे बघत राहिली.

"अर्धा व्हय चालत नाय!" गुरव कडाडला.

"मग 'कडक' काढा!" शुभंकर म्हणाला. "आणि पुढे घाला, झोपलेल्या सरकारला जाग दे!"

"देवासमोर राजकारण?"

"सुरुवात कोणी केली?"

"'योग्य पावलं' म्हणा!" एकानं तोडगा काढला.

"योग्य असती तर इथं कशाला आलो असतो?"

"'जी काय पावलं असतील ती' म्हणा!"

"आणि 'तीव्र निषेध' कुठं बसवायचा?"

देवळाची लोकसभा झाली! गुरव हात जोडून तसाच उभा. गाऱ्हाणं मधे सोडता येत नाही आणि पुढे कोणी जाऊ देत नाही. घाटात बंद पडलेल्या एसटीसारखी त्याची गत झाली.

भागोजीच्या खिशातला फोन वाजला. त्यानं पाहिलं. दीपकचा असता तर दीपकचा फोटो दिसला असता. हा नुसताच लांबलचक नंबर. कमळानं सक्त ताकीद दिली होती, "असा नंबर दिसला की उचलायचा नाय. लुबाडणारे असतात मेले." ती गेल्यापासून भागोजीनं तिचा एकही शब्द मोडला नव्हता. तिच्यासाठी करण्यासारखं आता तेवढंच उरलं होतं. त्यानं फोन कापला. परत वाजला. परत कापला. तिसऱ्यांदाही कापला.

चौथ्यांदा वाजला तेव्हा 'पावलं कडक की योग्य' यावर धक्काबुक्की सुरू झाली होती. भागोजीचं डोकं फिरलं. रघूला शिव्या देता येत नव्हत्या, शुभंकरलाही नाही. निदान या चोराला तरी देऊ! तो पायरीवर आला आणि त्यानं फोन उचलला.

"अरे मेल्या, लाज वाटत नाय? माझा पोरगा हरवलाय, आणि तुला ओटीपी पायजे?"

"बाबा, मी दीपक! किती वेळा कापताय?"

भागोजी पायरीवरच बसला. मग कमळानं जे विचारलं असतं तेच त्यानं विचारलं.

"जेवलास काय?"

"जेवलो, बाबा."

काल संध्याकाळी दीपक मासळी आणायला बाजारात गेला होता. परतताना दंगल पेटली. रोज जिच्याशी घासाघीस करायचा त्या मासळीवालीनं त्याला ओढून घरात घेतलं, रात्रभर लपवलं. त्याचा फोन वकिलातीच्या स्वयंपाकघरात जळाला. हा फोन तिचा होता. आता वकिलातीची गाडी त्याला न्यायला आली होती.

"तुम्ही बरे आहात ना, बाबा?"

"मला काय धाड भरलीय!" भागोजी म्हणाला. कमळा गेल्यापासून आज पहिल्यांदा रडायला सवड होती, आणि नेमकं हसू येत होतं! मग त्यानं दोन्ही उरकून घेतलं आणि डोळे पुसत आत गेला.

"दीपक सापडला!"

"व्हय म्हाराजा!" सवयीनं चाळीसच्या चाळीस माणसं एका आवाजात ओरडली.

"बघा! खडसावल्याचा परिणाम!" रघू म्हणाला.

"आम्ही रान उठवलं म्हणून!" शुभंकर म्हणाला.

"मासळीवालीनं लपवलं त्याला," भागोजी म्हणाला.

मग दोघांनी एकदमच विचारलं, "कुठल्या पक्षाची?"

याला आता महिना झाला. दीपक पुढच्या आठवड्यात सुट्टीवर येतो आहे. भागोजीनं घर झाडून ठेवलं आहे, तांदूळ निवडून ठेवले आहेत. सोनू गुरव रोज आठवण करून देतो, की गाऱ्हाणं अर्धंच राहिलं आहे आणि देवापुढे नारळ तसाच आहे. पण पावलांचं अजून दोन्ही पक्षांत ठरत नाही. त्यामुळे देवाला एवढंच सांगून झालं आहे, की दीपक हरवला. सापडला, हे सांगायचं राहिलं आहे.